लाईट जायच्या आत

अकोल्यात जुन्या डिस्कच्या एका ढिगात भाच्याला 'रा.वन' या सिनेमावरचा व्हिडिओ गेम सापडला. प्लेस्टेशन २ चा. त्यानं डबी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "मामा, हा किती तासाचा हाये?" खेळात कोण आहे, काय करायचं असतं, यातलं काही नाही. थेट तास. बाजार समितीत तुरीचा भाव विचारावा तसं.

हा प्रश्न आता सगळीकडे ऐकू येतो. शंभर तासांचा खेळ असला की पैसे वसूल, चार तासांत संपला तर फसवलं. मला हा हिशेब पटत नाही. 'रा.वन'सारख्या सिनेमावरून निघालेल्या सुपरहिरो खेळांच्या घराण्यातला थोरला म्हणजे अटारीचा 'सुपरमॅन', १९७९ चा. खलनायक लूथरनं पूल उडवलेला असतो. त्याचे तीन तुकडे शोधून जोडायचे, लूथरला आणि त्याच्या माणसांना तुरुंगात घालायचं, पुन्हा साधा पत्रकार क्लार्क केंट व्हायचं आणि त्याच्या डेली प्लॅनेट या वर्तमानपत्रात परतायचं. तिथं पोचलं की घड्याळ थांबतं. गुण नाहीतच. लागलेला वेळ हाच निकाल, आणि तो जितका थोडा तितका खेळणारा भारी.

'रा.वन' सिनेमा आला २६ ऑक्टोबर २०११ ला, ऐन दिवाळीत. खेळही त्याच सुमारास आला. मुंबईच्या ट्राईन स्टुडिओनं केलेला, सोनीनं काढलेला, प्लेस्टेशन ३ साठी आणि त्याबरोबर प्लेस्टेशन २ साठीसुद्धा. हे दुसरं यंत्र तेव्हा अकरा वर्षांचं झालं होतं. जग पुढं गेलं होतं, पण आमच्याकडची गेम पार्लरं त्याच्यावरच चालत होती.

अमरावतीत राजापेठच्या बाजूला एका गल्लीत असंच एक पार्लर होतं. अर्धं शटर खाली, बाहेर चपलांचा ढीग, आत ओळीनं मांडलेले जाड पाठीचे टीव्ही. पैसे अर्ध्या तासाच्या हिशेबानं. मालक पाठकोऱ्या वहीत नाव आणि वेळ लिहायचा आणि वेळ संपली की खुर्चीच्या पाठीवर दोनदा टिचकी मारायचा. कंट्रोलरच्या काड्यांवरचं रबर झिजून आतलं पांढरं प्लॅस्टिक दिसायचं. अंगठ्याला घाम आला की ते सटकायचं. मेमरी कार्ड सगळ्यांचं मिळून एकच, नेलपॉलिशचा ठिपका लावलेलं. त्यात जागा ती केवढी! सोमवारी कुणी जपून ठेवलेला डाव बुधवारी दुसऱ्या कुणीतरी पुसलेला असायचा, आणि मग जी काही जुंपायची ती रस्त्यापर्यंत यायची.

शिवाय भारनियमन. त्या वर्षांत वऱ्हाडात लाईट जायची वेळ पोट्ट्यांना शाळेच्या घंटेपेक्षा पक्की ठाऊक असायची. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब चालायची, टीव्ही नाही. लाईट गेली तरी घरी कुणी जायचं नाही. उकाड्यात तसेच बसून राहायचे आणि अडलेला डाव तोंडानं पुढं खेळायचे. "तिथं डावीकडून गेला असता तर वाचला असता ना बे." "काऊन? वरून उडी मारतो मी, पाय तू." एकाच्या हातात कंट्रोलर आणि चौघांच्या तोंडात सल्ले, हे तर लाईट असतानाही चालायचंच. लाईट आली की एकच आरडाओरडा, आणि यंत्र सुरू होईपर्यंत कुणाला दम निघायचा नाही.

अशा ठिकाणी तीस-चाळीस तासांचा खेळ कुणाचा होणार? त्याची पहिली दोन दालनं सगळ्यांना पाठ, शेवट कुणीच पाहिलेला नाही. छोटा खेळ मात्र माणसाचा होतो. एका लाईटीपासून दुसऱ्या लाईटीपर्यंत त्याचा शेवट गाठता येतो, आणि शेवट गाठलेलं पोट्टं गल्लीत वेगळ्या चालीनं चालतं, हे मी पाहिलेलं आहे.

'रा.वन' चांगला आहे का? मारामारी तीच ती, हालचाल ताठर. सिनेमाची तारीख ठरलेली असली की खेळ करणाऱ्यांच्या हातात वेळ उरत नाही, आणि ते दिसतंच. तरीही मी म्हणेन, खेळून पाहा. त्यात नायकच व्हायची सक्ती नाही, खलनायक होऊनही उतरता येतं. सिनेमातल्या प्रतीकला खलनायकच आवडतात, म्हणून तर त्याचा बाप शेखर कधी न हरणारा रा.वन घडवतो. पार्लरमधली पोट्टीही आधी त्याच्यावरच बोट ठेवायची.

रा.वन म्हणजे नावातच रावण, आणि तो आवडण्यात वावगं काही नाही, निदान आमच्या भागात तरी नाही. अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे. तिथं दसऱ्याला रावण जाळत नाहीत, पुजतात. काळ्या पाषाणाची दशाननाची मूर्ती आहे, वीस हातांची. गावकरी सांगतात की गावाला मूर्ती हवी होती एका तपस्वी ऋषीची. तसं पाथरवटाला सांगितलंही होतं. त्याच्या हातून घडला तो रावण. गावानं तो मोडला नाही, परतही धाडला नाही. विद्वान म्हणून, शिवभक्त म्हणून ठेवून घेतला.

खेळ व्हावा तर या पाथरवटाचा. सुरुवात ऋषीच्या जटेपासून करायची, छिन्नी नीट चालवायची, आणि दगडातून एकामागून एक डोकी वर येऊ लागायची. तासाभरात संपला तरी माझी तक्रार नाही. मुंबई-पुण्याच्या कुणा पोरानं मनावर घ्यावं. अकोल्याहून एसटीनं सांगोळ्याला मी स्वतः घेऊन जाईन.