बांधाच्या आतली रेस

गुंजवण्यात मुलं सायकलच्या आधी बाईकवर बसतात. बापाच्या स्प्लेंडरच्या टाकीवर, दोन्ही हात हँडलवर, समोरून येणारा वारा तोंडात घेत. पाय जमिनीला टेकायला लागले की दळण आणायला गल्लीतल्या गल्लीत. मग साखरपर्यंत, मग मार्गासनीपर्यंत. कुणी शिकवत नाही. एसटी मोजक्याच, शाळा लांब, दवाखाना त्याहून लांब. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांचा पोरगा गाडी चालवतो यात कुणाला काही वावगं दिसत नाही. हेल्मेट हा प्रकार नसरापूरला हायवे लागल्यावर आठवतो, तोही पोलिस दिसले तर.

गुंजवणे हे माझ्या ताईचं सासर. राजगडाला चोरदरवाज्याने जाणारे ट्रेकर जिथे गाड्या लावतात, ते गाव. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला. डिग्री मेकॅनिकलची, पोट जावावर. दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी ताईकडे यायचं, आबांच्या म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या ओटीवर पडून राहायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी त्यात बदल झाला, कारण माझी भाची आठ वर्षांची झाली आणि म्हणाली, "मामा, मला गाडी शिकायचीय. त्या व्हिडिओतल्यासारखी. मातीतली."

व्हिडिओ कुठला हे मला माहीत होतं, मीच दाखवला होता. २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे, त्यावरून हवेत जाणाऱ्या ४५० आणि २५० सीसीच्या गाड्या. आणि मुलांसाठी ८५ सीसीचा वेगळा गट. मोठ्यांच्या उड्या भाचीने निवांत पाहिल्या. पोरं दिसल्यावर मात्र ती उठून बसली.

पुण्याला हा नाद नवा नाही. इथे सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या कितीतरी वेळा झाल्यात. चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या नारिंगी ड्यूक बनतात. पण लहान मुलाला बसता येईल अशी ५० सीसीची डर्ट बाईक शोधायला गेलात, तर बहुतेक वेळा बाहेरून आलेलीच सापडते, आणि किंमत ऐकून माणूस गप्प होतो. आम्हाला एक जुनी मिळाली. पुण्यातल्या एका मुलाची उंची वाढली म्हणून त्याच्या बापाने काढलेली. मी आणि दाजींनी मिळून घेतली.

त्या गाडीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक साधा स्क्रू. थ्रॉटलपाशी असतो. आत फिरवला की मूठ पूर्ण पिळता येत नाही. मूल शिकत जाईल तसा तो थोडा थोडा बाहेर काढायचा. दुसरी गोष्ट मनगटाला बांधायची दोरी. मूल पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीत, ती चालवणारा चुकणारच आहे हे इतकं गृहीत धरलेलं मी पाहिलं नाही.

ट्रॅक आम्ही आबांच्या वरच्या खाचरात आखला. भात निघाल्यावर ते मेपर्यंत रिकामं असतं. जमीन वाळून कडक झालेली, भेगा पडलेल्या, धसकटं वर आलेली. एकदा रोटर मारला, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून लंबगोल काढला, वळणांवर पेंढा भरलेली पोती लावली. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी. आबा बांधावर बसून म्हणाले, "पाव्हणं, एवढी मशागत भाताला केली असती तर दोन पोती जास्त झाली असती."

पहिला महिना इंजिन चालूच केलं नाही. मी मागून ढकलायचो आणि ती ब्रेक मारायला शिकायची. मग उतारावरून, मग फूटपेगवर उभं राहून. चाकाकडे बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे बघायचं. हे वाक्य मी शंभर वेळा म्हटलं असेन. हेल्मेट तिच्याच मापाचं. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यात फिरतं आणि त्याचं वजन मानेवर येतं. छाती, कोपर, गुडघे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. हे सगळं चढवल्यावर ती म्हणायची, "मी कासव झाले."

मातीत शिकण्यात एक गंमत आहे. डांबरावर मागचं चाक घसरलं की आपण घाबरतो, आणि बहुतेकदा घाबरायला उशीर झालेला असतो. मातीत चाक सतत थोडं घसरतच असतं. वेग कमी असतो, त्यामुळे ते शरीराला कळायला वेळ मिळतो. म्हणूनच मोटोजीपीत जिंकणारे मातीत सराव करतात. केनी रॉबर्ट्स अमेरिकेच्या डर्ट ट्रॅकवरून आला आणि १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता झाला. व्हॅलेंटिनो रॉसीने इटलीत आपल्या गावी, ताव्हुलियाला, मातीचा ट्रॅकच बांधून घेतला. मार्क मार्केझ स्पेनमध्ये रुफेआच्या मातीत गोल गोल फिरत असतो. आपल्याकडे सी. एस. संतोष २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, आणि २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआने त्याच रॅलीत रॅली-२ हा गट जिंकला. दोघांचीही सुरुवात मोटोक्रॉसच्या मातीत.

ही सगळी नावं मी ताईला ऐकवली. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि चेन्नईचं?"

तिने वाचलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या सर्किटवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत पडला आणि गेला. ते डांबर होतं, वेग वेगळा होता, हे मी म्हणू शकलो असतो. पण तेरा वर्षांच्या मुलापुढे असले फरक मांडायला जीभ रेटत नाही. आणि मातीत काही होत नाही असंही नाही. हासळीचं हाड मोडतं, मनगट मोडतं, मागून येणारी गाडी अंगावरून जाऊ शकते. सेफ्टी गिअरने धोका कमी होतो, संपत नाही.

ताईच्या विरोधाला आणखी एक कारण होतं. तिचा धाकटा दीर एकोणीस वर्षांचा असताना खेड शिवापूरच्या अलीकडे गेला. रात्री, डोक्यावर काही नाही, मागे मित्र. भाचीला तो टाकीवर बसवून फिरवायचा. त्याचा फोटो ओटीवरच आहे. आमच्या सगळ्या चर्चा त्याच्याखाली व्हायच्या.

माझं म्हणणं एवढंच होतं की ही पोरगी गाडी चालवणारच आहे. इथे सगळीच चालवतात. प्रश्न फक्त कुठे आणि कुणाकडून शिकेल हा. कायदा सार्वजनिक ठिकाणी अठराच्या आत गाडी चालवू देत नाही, सोळा झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघे गेले, दोघेही माझ्यासारखेच इंजिनिअर. त्या आठवड्यात ऑफिसात कुणी फारसं बोलत नव्हतं. श्रीमंताचं पोर पोर्शे घेऊन निघतं, आमच्या गावचं स्प्लेंडर. दोघांनाही चूक करायला सुरक्षित जागा कुणी दिलेली नसते.

"म्हणजे ती इथे शिकली की रस्त्यावर नीट चालवेल?" ताईने विचारलं.

या प्रश्नाला माझ्याकडे खात्रीचं उत्तर नव्हतं, आजही नाही. वेगाची सवय लागली की रस्ता संथ वाटू लागतो, हेही खरं असू शकतं. मी तेवढंच म्हणालो. त्यानंतर ताई पहिल्यांदा खाचरावर आली.

भाची त्या दिवशी डाव्या वळणावर तीनदा पडली. तिसऱ्यांदा ताई बांधावरून उतरायला लागली, तेव्हा आबांनी काठी आडवी धरली. "उठतीय का बघ आधी." भाची उठली. गाडी तिच्याहून जड, उचलेना. तिने माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. दोघींनी मिळून गाडी उभी केली. ताईने दोरी तपासली, पुन्हा मनगटात घातली आणि म्हणाली, "आता सावकाश."

तिथून नियम ताईचे झाले. फोनवर लॅप टाइम लावायचा नाही. एका वेळी ट्रॅकवर एकच मूल. आणि गावातलं कुठलंही पोर आलं तर त्याला बसू द्यायचं, पण हेल्मेटशिवाय नाही. गेल्या उन्हाळ्यात सात मुलं येत होती, त्यात तीन मुली. हेल्मेट दोनच, त्यामुळे रांग लागायची. रांगेतली पोरं पडणाऱ्याला हसायची. नंतर हसणं कमी झालं, कारण प्रत्येकाचा नंबर येत होता.

आता भाची दहा वर्षांची आहे. थ्रॉटलचा स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर आलाय. पुढच्या हिवाळ्यात पुण्याजवळ मुलांच्या नवख्या गटाची स्पर्धा आहे. फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या हव्यात. दाजींनी केली. ताईने फॉर्म दोनदा वाचला, जखमांची जबाबदारी कुणाची हे लिहिलेला परिच्छेद तिसऱ्यांदा वाचला आणि घडी घालून तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिला. मी काही बोललो नाही. सही करायची तर तिनेच करायला हवी, आणि नाही केली तर तेही समजून घ्यायला हवं.

मुदत दिवाळीनंतर संपते. सध्या खाचरात गुडघाभर पाणी आहे, लावणी झालीय, ट्रॅक कुठे होता ते ओळखू येत नाही. भाचीला विचारलं तर ती बांधावरून बोट दाखवून बरोबर सांगते, ते डावं वळण कुठे होतं.