दोन तुकाराम

सरकारी नोकरीतल्या माणसाला बदलीची सवय होऊन जाते, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. सवय होते ती ज्याची बदली होते त्याला. कचेरी कोणत्याही गावी असली तरी कचेरीच असते. तीच टिपणे, त्याच फायली, तोच चार वाजताचा पाणचट चहा. दर खेपेस नवे गाव वाट्याला येते ते मागे घरी राहणाऱ्याच्या. वाणी कोण, भाजी कुठे मिळते, शेजारणीला काय म्हणून हाक मारावयाची, इथून त्याचा संसार पुन्हा सुरू होतो. आणि ते माणूस सत्तरी उलटलेले असले, तर नवे गाव म्हणजे अकराव्या मजल्यावरची एक खिडकी एवढेच उरते.

आमची सध्याची खिडकी महादेवपुऱ्यात आहे. नाव ऐकून एखादे जुने देऊळ, पिंपळाचा पार आणि चार गल्ल्या डोळ्यांपुढे याव्यात. परंतु बंगळूरच्या पूर्वेकडचा हा भाग आता तसा राहिलेला नाही. २००७ सालापर्यंत त्याला स्वतःची नगरपालिका होती, मग तो महानगरात विलीन झाला. आज काचेच्या उंच कचेऱ्या, त्यांच्यामधून कशीबशी श्वास घेणारी तळी, आणि २०२३ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, असा सारा देखावा आहे. जवळच दूरवाणीनगरात टेलिफोनचा सरकारी कारखाना १९४८ साली उभा राहिला, त्या काळी हे गावाबाहेर होते, हे आता सांगूनही पटत नाही.

वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे आली. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. तिथे तिच्या दिवसाला शंभर माणसे लागत. इथे सकाळी आम्ही दोघे कचेरीत, मुलगा शाळेत, आणि ती खिडकीशी. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी मी आलो की ती दिवसभरात किती आगगाड्या गेल्या ते सांगे. तो आकडा ऐकताना मला फार अवघड होत असे.

एके रात्री ती माझ्या फोनवर प्रभातचा 'संत तुकाराम' पाहत होती. तळहाताएवढ्या काचेवर विष्णुपंत पागनीस भजन करीत होते आणि तिने चष्मा कपाळावर सारून फोन नाकापाशी धरला होता. मग ती म्हणाली, "हा मी पुसेगावच्या यात्रेत तंबूत पाहिला होता रे. एवढा मोठा होता तुकाराम." आणि तिने दोन्ही हात पसरून दाखविले.

त्या तंबूविषयी आमच्या पिढीला वेगळे सांगावयास नको. मालमोटारीतून येणारे यंत्र, मातीवर टाकलेल्या सतरंज्या, आणि एकच यंत्र असल्यामुळे रीळ संपले की मध्येच लागणारे दिवे. त्या दिव्यांत लोक एकमेकांकडे पाहत, कोण रडले आहे हे सर्वांस कळे, शेंगदाणेवाला फिरून जाई, आणि पुन्हा अंधार होई. महाराष्ट्रातल्या या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या दिवसांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा एक सुंदर माहितीपट २०१६ साली झाला. कर्नाटकातही तंबूंचे मोठे राज्य होते. घंटसाळांच्या आवाजातली 'नमो वेंकटेशा'ची तबकडी लागली की खेळ सुरू होणार हे दोन कोसांवर कळे, असे इथले जुने लोक सांगतात. तंबूत चित्रपट पाहणे आणि एकट्याने फोनवर पाहणे यांत पडद्याच्या आकाराचा फरक आहेच. पण मला त्याहून मोठा वाटतो तो त्या मधल्या दिव्यांचा.

आमच्या वसाहतीच्या मागे एक मोकळे अंगण आहे. तिथे पडदा बांधून 'संत तुकाराम' दाखवावा असे मनात आले, आणि मन सरकारी असल्यामुळे प्रथम कायदा पाहिला. चित्रपट विकत घेतला म्हणजे तो चारचौघांत दाखविण्याचा हक्क मिळतो असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. परंतु १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षांनी संपतो. 'संत तुकाराम' १९३६ सालचा. तो केव्हाच सर्वांचा झालेला आहे. आणखी एक नियम: रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. मे महिन्यात इथे अंधार पडावयास सात वाजतात आणि चित्रपट सव्वादोन तासांहून थोडा कमी. म्हणजे पाऊण तास हाती राहतो. एखाद्या विभागाचा अर्थसंकल्प जुळावा तसे समाधान मला वाटले.

वसाहतीच्या समितीपुढे अर्ज ठेवला. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक कन्नड गृहस्थ आहेत. नियमांचे पक्के, शब्दांचे मोजके. ते म्हणाले, "सार, मराठी चित्रपट मराठी मंडळात दाखवावा. या अंगणात का?" प्रश्न रास्त होता. परप्रांतीयांनी गजबजलेल्या या भागात आपलीच भाषा आपल्या दारात पाहुणी झाली आहे, ही बोच त्यामागे होती, आणि ज्याची बदली अशा राज्यात झाली आहे त्याने ती समजून घेतली पाहिजे. मी आपला इतिहास सांगू लागलो. कन्नडचा पहिला बोलपट 'सती सुलोचना', तो १९३४ साली आला, आणि त्याचे चित्रीकरण आमच्या कोल्हापुरात, छत्रपती स्टुडिओत झाले होते. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते आम्हांला शाळेपासून ठाऊक आहे." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुकाराम म्हणजे आमच्या राजकुमारांचा तुकारामच ना?"

आता ऐकून घेण्याची पाळी माझी होती. राजकुमारांनी कन्नडमध्ये तुकाराम केला तो १९६३ साली; दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी. याच नाडकर्णींनी १९४४ साली तमिळमध्ये 'हरिदास' केला होता, आणि मद्रासेत तो तीन दिवाळ्या चालला. त्याची कथा पुंडलिकाची. आपण चंद्रभागेचे वाळवंट आपल्या सातबाऱ्यावर लावून बसलेलो असतो, आणि तो विठोबा आपल्याला न विचारता मद्रासेस तीन दिवाळ्या करून येतो! असो. ठराव झाला तो असा, की पहिल्या शनिवारी मराठी तुकाराम आणि पुढल्या शनिवारी कन्नड. १९६३ चा चित्रपटही साठ वर्षे ओलांडून मोकळा झाला होता, हे निवृत्त बँकवाल्यांनीच हिशेब करून सांगितले.

पडद्यासाठी मांजरपाट आणले आणि ते दोन खांबांना ताणून बांधले. पहिल्या शनिवारी साठ-सत्तर माणसे जमली. पुढे सतरंजीवर मुले, मागे खुर्च्या. आई खुर्चीवर बसली नाही. ती मुलांच्या मागे सतरंजीच्या काठावर बसली. तिच्या शेजारी त्या बँकवाल्यांच्या मातोश्री येऊन बसल्या. सारी वसाहत त्यांना अज्जी म्हणते. मूळच्या तुमकूरकडच्या; मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही, इंग्रजी वाचता येत नाही. पण पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचे नाव येते आणि ती पदे त्यांना तोंडपाठ, एवढ्या भांडवलावर त्या आल्या होत्या.

चित्रपटाविषयी मी निराळे काय लिहावे? दामले-फत्तेलालांच्या या कृतीचा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला, मुंबईत ती एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालली, तीतले एक पद शांताराम आठवल्यांनी इतके अस्सल रचले की ते तुकोबांचाच अभंग म्हणून लोकांनी गाथेत शोधले, हे सारे वाचकांस ठाऊक आहे. मला त्या रात्री नवे दिसले ते अंगणातले हसणे. पडद्याखाली इंग्रजी ओळी उमटत होत्या. ओळ आधी येते आणि वाक्य मागून. त्यामुळे जिजाई काही फणकाऱ्याने बोलणार, तिचे तोंड उघडण्यापूर्वीच मुले हसत. माझा दहा वर्षांचा मुलगा त्यांतच होता. ती हसून झाली की मग वाक्य ऐकून आम्ही मराठी माणसे हसत असू. आणि आम्ही हसलो की आईच्या तोंडाकडे पाहून अज्जी हसत. एकाच विनोदाला तीन वेळा हसू येत होते. पहिल्या हसण्याने मी अस्वस्थ झालो. माझा मुलगा तुकारामाची बायको वाचत होता, ऐकत नव्हता. घरी आम्ही मराठीत बोलतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोन्ही पक्षांना ते अंगवळणी पडले आहे. ज्यांची मुले तीन राज्यांतल्या चार शाळांत शिकली त्यांना हे उलगडून सांगणे नको.

मुलगा आजारी पडला म्हणून जिजाई पायातली वहाण घेऊन देवळात शिरते, तो प्रसंग आला. गौरीबाईंचे ते काम आजही अंगावर येते. अज्जींनी आईचे मनगट घट्ट धरले. देवावर वहाण उगारलेली त्यांना सोसली नसावी. आईने दुसऱ्या हाताने त्यांचा हात थोपटला. शेवटी विमान वर गेले, तुकाराम गेले, आणि जिजाई खाली राहिली. दिवे लागले तेव्हा आई कुणाला उद्देशून नव्हे अशी बोलली, "हे गेले वैकुंठाला. हिने पोरे सांभाळायची." अज्जींनी मान हालविली. काय कळले त्यांना, कोण जाणे.

दुसऱ्या शनिवारी वळीव कोसळला, आणि राजकुमारांना एक आठवडा वाट पाहावी लागली. पण जेव्हा खेळ झाला तेव्हा पहिल्याच्या दुप्पट गर्दी. वसाहतीचे रखवालदार आणि घरकामाला येणाऱ्या बायका पहिल्या वेळी आल्या नव्हत्या, कारण त्यांना कुणी बोलाविले नव्हते. या वेळी बोलावण्याची गरज पडली नाही. कलबुर्गी, रायचूर, विजयपूर इकडची ही माणसे; पडद्यावर राजकुमार आहेत एवढे त्यांना पुरे होते. ती खुर्च्यांच्या मागे उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या असूनही उभी राहिली. समितीपैकी कुणाच्या ते ध्यानात आले नाही. आईने मागे वळून एकीला "बस की गं" म्हणून सतरंजीवर जागा करून दिली, तेव्हा बाकीच्या बसल्या.

आता पडद्याखाली ओळी नव्हत्या. तुकाराम कन्नड बोलत होते, आणि आईला त्यातले काही कळत नव्हते. ती नातवाला म्हणाली, "काय म्हणाले रे?" मुलाला शाळेत कन्नड आहे, खेळाच्या मैदानावर तर तीच चालते. त्याने एक वाक्य मराठीत सांगितले. पुन्हा, "आता काय म्हणाले?" त्याने पुन्हा सांगितले. इंग्रजीत सांगून आजीला उपयोग नव्हता, हे त्याला उमगले होते. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. अडखळत, क्रियापदे चुकवीत, तो तुकारामांचे बोलणे तुकारामांच्या भाषेत आणीत होता. एका ठिकाणी 'साल' हा शब्द आला आणि तो अडला. मराठीत साल म्हणजे वर्ष, फळावरची साल. त्याला जे हवे होते ते सापडेना. आई म्हणाली, "कर्ज." आणि मग सावकाश पुढे म्हणाली, "लोकांची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ते होय?"

म्हणजे तिला सारी गोष्ट ठाऊक होती. अर्थात ठाऊक होती. लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेली कथा ती. तरीही पुढला तास-दीड तास ती दर दोन मिनिटांनी विचारीत राहिली, "काय म्हणाले रे?" आणि तो सांगत राहिला.

आषाढीला आई गावी गेली, ती अद्याप परतलेली नाही. आग्रह करावा असे वाटते, आणि खिडकी आठवली की करवत नाही. दोन-चार दिवसांनी तिचा फोन येतो. माझ्याशी बोलणे चटकन संपते. मग ती अज्जींना विचारते. मुलगा फोन घेऊन समोरच्या घरी जातो. ती मराठीत बोलते, अज्जी कन्नडमध्ये. दोघींचे बरेच बोलणे होते. एकदा मी मध्ये दुभाषेपणा करू लागलो, तर आई म्हणाली, "तू थांब जरा. आमचे चालले आहे ना?"

अंगणातल्या खेळांचे मात्र आता माझ्या हाती राहिलेले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाने नागय्यांचा १९४७ चा 'योगी वेमना' सुचविला आहे आणि तो रास्तच आहे. बँकवाल्यांनी त्याची साठ वर्षे मोजून पाहिली आहेत. तमिळ मंडळींनी 'हरिदास'चे नाव पुढे केले, त्याला माझाच बडबड्या स्वभाव कारण. इकडे वसाहतीतल्या मुलांनी मात्र समितीकडे एक अर्ज दिला आहे. खाली एकवीस सह्या असून पहिली सही माझ्या मुलाची आहे. यापुढील चित्रपटात एकही संत नसावा, अशी विनंती त्यात केलेली आहे. अर्ज मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिला असून मराठीतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी मोजल्या. त्या सात भरल्या. समितीने तो अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठविला आहे, आणि बदलीचा हुकूम येण्यापूर्वी त्यावर शेरा लिहावयाचा आहे.