लवकर बरे व्हा!

बालमित्रांनो, ‘लवकर बरे व्हा’ म्हटल्यानं आजारी माणूस खरंच बरा होतो का? शाळेत असताना मलाही हा प्रश्न पडला होता.

२६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला ‘कुली’ चित्रपटाच्या मारामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार बसला. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ते मृत्यूशी झुंजत होते आणि देशभर देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये प्रार्थना चालल्या होत्या. माझी आजी सिनेमा बघत नसे, तरी रोज देवापुढं दिवा लावून म्हणायची, “त्या पोराला बरं कर रे बाबा!”

पण नुसत्या प्रार्थनेवर भागलं नाही. डॉक्टर रात्रंदिवस झटले. सुमारे २०० जणांनी रक्त दिलं, असं बच्चन यांनीच पुढं सांगितलं. २४ सप्टेंबरला ते घरी परतले.

मला वाटतं, आजीचा दिवा काय आणि ते रक्त काय, माया एकच. फक्त दिव्यानं धीर येतो, रक्तानं जीव वाचतो. दोन्ही हवंच!

तुमच्या वर्गातलं कुणी आजारी आहे? मग छानसं पत्र लिहा. आणि हो, त्याचा बुडालेला अभ्यासही वहीत उतरवून घेऊन जा बरं का!