काळ्या टी-शर्टवाल्यांची गाणी

गॉथिक रॉकचा पहिला आवाज ज्याचा मानला जातो, तो गायक पुढे मुसलमान झाला. ही गोष्ट मी ज्यांना सांगतो त्यांच्यातल्या निम्म्यांना गॉथिक रॉक माहीत नसतं आणि उरलेल्यांना ही गोष्ट माहीत नसते. पीटर मर्फी त्याचं नाव. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन शहरात १९७८ साली ‘बाउहाउस’ नावाचा बँड निघाला, त्याचा हा गायक. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘बेला लुगोसीज डेड’ आलं. नऊ मिनिटांहून लांब गाणं, त्यात सुरुवातीची कितीतरी मिनिटं कुणी गातच नाही. नुसता ड्रमचा कोरडा खडखडाट आणि भिंतींवरून परत येणारी गिटार. काळे कपडे, पांढरे चेहरे आणि कबरस्तानाची हौस असलेली सगळी पिढी या गाण्यामागून आली. नंतर मर्फी तुर्कस्तानात राहायला गेला, सूफी विचाराकडे वळला, इस्लाम स्वीकारला.

२००२ मध्ये त्याचा ‘डस्ट’ नावाचा अल्बम आला. सोबतीला मर्जान देदे हा तुर्की संगीतकार, जो नेय ही बासरी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र वाजवतो. बाउहाउसच्या चाहत्यांना तो फार संथ वाटला, जागतिक संगीत ऐकणाऱ्यांना तो रॉकवाल्याचा वाटला. दोघांच्या मधे पडून राहिला. मी मात्र विसरलेल्या अल्बमची यादी करायची तर त्यालाच पहिल्या नंबरावर ठेवीन. खोल आवाजाचा एक मध्यमवयीन माणूस, घाई कसलीच नाही, आणि मागे दर्ग्याच्या ओट्यावर संध्याकाळी असते तशी शांतता.

हे मी रनाळ्यात बसून लिहितोय. सुरत-भुसावळ लाइनवर, नंदुरबार आणि दोंडाईचाच्या मधलं आमचं गाव. इथे हे संगीत ऐकणारे मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. गेल्या वर्षापासून एक वाढला, तो माझा भाचा. मागच्या हिवाळ्यात माझी आपा गेली. पोरगं तेव्हापासून बोलायचंच बंद झालं. कॉलेजला जातो, परत येतो, कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून पडतो. सुरतेहून त्याने कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट आणला आणि दुल्हाभाईंचा धीर सुटला. ते नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर हिशोब लिहितात, सरळ माणूस, पाच वक्तचे नमाजी. त्यांनी मला फोन केला. “तुम्ही पण ऐकता ना असलं? पोरगं सैतानाच्या नादी तर नाही लागलं?”

बापाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९७ मध्ये इजिप्तमध्ये मेटल ऐकणाऱ्या शंभरेक पोरांना सैतानपूजेच्या संशयावरून उचललं होतं. पुढे त्यांना सोडून द्यावं लागलं. २००३ मध्ये मोरोक्कोत कासाब्लांकाच्या कोर्टाने चौदा तरुणांना शिक्षा ठोठावली, आणि पुराव्यात काळे टी-शर्ट मांडले होते. लोक रस्त्यावर उतरले, अपिलात बहुतेक जण सुटले. म्हणजे आमच्या दुल्हाभाईंसारखे बाप कैरोत आणि कासाब्लांकातही होते, फरक एवढाच की तिथे त्यांच्या भीतीला पोलीस येऊन मिळाले.

मी दुल्हाभाईंना म्हटलं, पोरगं सैतानाच्या नाही, मातमच्या नादी लागलंय. हे समजावून सांगायला वेळ लागला. तेच इथे थोडं विस्ताराने लिहितो, कारण असे फोन आणखीही घरांत येत असणार.

एक्स्ट्रीम मेटलमध्ये गायक जे गुरगुरतो, त्याला ग्रोल म्हणतात. आपल्या घशात बोलण्याच्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन जाड पट्ट्या असतात, एरवी त्या गप्प असतात. ग्रोल करणारा त्या थरथरवतो. त्या आवाजाला सूर जवळजवळ नसतो, शब्दही नीट कळत नाहीत. नवख्या माणसाला तो जनावराचा वाटतो. पण मयतीच्या घरात ज्यांनी गळा काढून रडणाऱ्या म्हाताऱ्या ऐकल्या आहेत, त्यांनी जरा आठवून पाहावं. पहिली दोन वाक्यं आहिराणीत असतात, “मनी माय वं” वगैरे, आणि मग शब्द संपतात आणि नुसता घसा उरतो. आपल्याकडे मौलाना सब्र सांगतात, बरोबरच सांगतात. बायका तरी चूल पेटवता पेटवता रडून घेतात. पुरुषाला आणि विशेषतः वीस वर्षांच्या पोराला रडायला जागा कुठे आहे? शियांनी नौहा आणि मर्सियाला जागा ठेवली, ढोलाचा संथ ठोका ठेवला. आम्ही सुन्नी घरातले, आमच्या वाट्याला तेही नाही.

म्हणून भाच्याला मी सगळ्यात आधी दिला तो ‘माय डाइंग ब्राइड’चा ‘टर्न लूज द स्वान्स’, १९९३ चा. नाव ऐकून दुल्हाभाई पुन्हा दचकले असते, म्हणून सांगितलं नाही. या बँडची लय इतकी संथ की एका ठोक्यानंतर दुसरा येईल की नाही असं वाटावं. मेटलच्या या शाखेला डूम म्हणतात. त्यात यांनी व्हायोलिन आणलं, तेही सजावटीला नाही, गिटारच्या बरोबरीने रडायला. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यात ड्रमच नाहीत. मधल्या गाण्यांत एकच गायक कधी गुरगुरतो, कधी साध्या दुखऱ्या आवाजात गातो, आणि एकातून दुसऱ्यात तो कधी गेला ते कळत नाही.

हा बँड ब्रॅडफर्डचा. शेजारच्या हॅलिफॅक्सच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ने दोन वर्षं आधी ‘गॉथिक’ नावाचा अल्बम काढला होता, त्यावरूनच गॉथिक मेटल हे नाव रूढ झालं असं म्हणतात. ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्स म्हणजे कापड गिरण्यांची गावं. मंगला धरणात जमिनी गेलेले मीरपुरी त्याच गिरण्यांत रात्रपाळीला उभे राहिले. मग गिरण्या बंद पडल्या. मालेगाव-धुळ्याचे माग ज्यांनी बंद पडताना पाहिलेत, त्यांना या दोन अल्बममधला पाऊस आणि काजळी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ‘गॉथिक’चं ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे, बाईचा आवाज मधेच येतो आणि मधेच जातो. मला तो तसाच आवडतो. नंतरचे त्यांचे गुळगुळीत अल्बम जास्त खपले, पण त्यांची शिफारस करायला माझी गरज नाही.

आता दोन अल्बम असे, जे सलग ऐकावेत. दोन्ही मेलबर्नच्या लोकांचे. पहिला ‘डेड कॅन डान्स’चा ‘विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन’, १९८७ चा. बँडचे दोघे गायक, त्यांनी अल्बम अर्धा-अर्धा वाटून घेतला: आधी ब्रेंडन पेरी गातो, नंतर लिसा जेरार्ड. लिसाचा आवाज तुम्ही ऐकलाय, ‘ग्लॅडिएटर’ पाहिला असेल तर. ती बहुतेक वेळा कुठल्याच भाषेत गात नाही, स्वतःच बनवलेले ध्वनी गाते. आपल्याकडे ज्याला आलापी माहीत आहे त्याला यात नवल नाही, युरोपातल्या समीक्षकांना मात्र फार नवल वाटलं. दुसरा अल्बम ‘डिसएम्बॉवलमेंट’चा, ‘ट्रान्सेंडन्स इंटू द पेरिफेरल’, १९९३. नावाचा अर्थ कोथळा काढणे, आणि हो, आवाजही तसाच आहे. पण त्या गडगडाटाच्या मधे अचानक सगळं थांबतं आणि स्वच्छ गिटार किंवा बाईचा निःशब्द स्वर येतो, तेव्हा लक्षात येतं की या पोरांनी लिसा जेरार्ड मन लावून ऐकली आहे. हा एकच पूर्ण अल्बम करून ते मोडले. तासाभराचा आहे, एका दमात जमला नाही तर सोडून द्या, पुन्हा कधीतरी लावा.

मी काय ऐकत नाही तेही सांगायला हवं, कारण दुल्हाभाईंनी तेच विचारलं होतं. १९९२ मध्ये नॉर्वेत ब्लॅक मेटलवाल्या काही पोरांनी लाकडी चर्च जाळली. त्यांचे अल्बम मोठे मानले जातात, असतीलही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या घरांत काय झालं होतं ते मला आठवतं. कुणाचीही इबादतगाह जाळणाऱ्याचं किंवा पाडणाऱ्याचं संगीत माझ्या फोनमध्ये राहत नाही, इस्लामला शिव्या देणाऱ्याचं नाही आणि येशूला देणाऱ्याचंही नाही. ‘द क्युअर’चं पहिलं गाणं ‘किलिंग अॅन अरब’ यात बसतं का? ते काम्यूच्या कादंबरीवरून लिहिलेलं आहे, द्वेषाचं नाही. पण अमेरिकेत ते द्वेषासाठी वाजवलं जाऊ लागलं, अरब संघटनेने हरकत घेतली आणि रेकॉर्डवर वंशवादाच्या विरोधातलं स्टिकर लागलं. रॉबर्ट स्मिथने नंतर मंचावर शब्दही बदलले. मला तो माणूस समजूतदार वाटतो. त्यांचा १९८२ चा ‘पोर्नोग्राफी’ नावावरून भाच्याला देता आला नाही, पण आतून तो नुसता निराशेचा अल्बम आहे, अश्लील काही नाही.

संगीत हलाल की हराम, या वादात मी इथे शिरत नाही. इंडोनेशियातल्या गारुत भागात मदरशात शिकणाऱ्या तीन हिजाबी मुलींनी २०१४ मध्ये ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा बँड काढला. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानीज भाषेत गोंगाट. गावाने धमक्या दिल्या, लोकांनी फोन केले. त्यांनी उत्तरादाखल देवाकडेच संगीताची परवानगी मागणारं गाणं केलं. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या, तिथे वाजवणारा इंडोनेशियाचा हा पहिलाच बँड. २०२३ चा ‘रेतास’ हा त्यांचा अल्बम. तो काही डूम नाही, उड्या मारण्याचं संगीत आहे, आणि बास वाजवणाऱ्या मुलीची बोटं ऐकण्यासारखी आहेत. दुल्हाभाईंना मी हाच व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आवाज कमी कर.” बंद कर म्हणाले नाहीत.

शेजारच्या देशातला एक: कराचीचा ‘डस्क’, १९९९ चा अल्बम ‘माय इन्फिनिट नेचर अलोन’. डूम आणि डेथ मेटलचं मिश्रण. कराचीच्या गरम, लोडशेडिंगवाल्या खोल्यांत यॉर्कशायरचा पाऊस कुठून आला, याचं मला कौतुक आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रातले? मुंबईत धोबी तलावाला रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं, तिथे लांबून पोरं यायची. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातला आवाज बंद झाला. तरी बँड निघत राहिले. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ २००० पासून आहे. त्यांचा २०१७ चा ‘दशावतार’ म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं, सितार-तबल्यासकट. कीर्तनात वाढलेल्या माझ्या एका मित्राला तो फार आवडला, मला थोडा भरगच्च वाटतो. मी ‘सेप्टर’चा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ सुचवीन, २०१३ चा. १९९८ पासून वाजवणाऱ्या या मुंबईच्या थ्रॅश बँडने सबंध अल्बम बायकांवर होणाऱ्या अत्याचारांवर केला. थ्रॅश म्हणजे वेग, राग, धारदार गिटार. इथे तो राग कुणावर आहे ते स्पष्ट आहे. विदेशी यादीतल्या कित्येक बँडना बाईचं प्रेत मुखपृष्ठावर लागतं, यांनी बाईच्या बाजूने ओरडायचं ठरवलं. गाणी सगळी सारखी उंचीची नाहीत, दोन-तीन नुसतीच पळतात. पण तो भाच्याने माझ्याकडून मागून नेला आणि दुसऱ्या दिवशी जेवताना, महिन्यांनंतर पहिल्यांदा, आपाचं नाव काढलं. अम्मीला लग्नानंतर शिकायचं होतं ना मामू, असं त्याने विचारलं. दुल्हाभाई मान खाली घालून भाकरी मोडत होते. हो, डी.एड. करायचं होतं, असं तेच म्हणाले.