गुरवआजोबांचं देणं

झाडांची ओळख मला वाघजाईच्या गुरवआजोबांनी करून दिली. वनस्पतिशास्त्राची पुस्तकं फार नंतर आली.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला वाघजाईदेवीची देवरहाटी, म्हणजे देवराई, आहे. ऐन, किंजळ, सातवीण आणि मधोमध एक म्हातारा, आतून पोकळ झालेला बेहडा. झाड तोडणं दूरच, वाऱ्यानं मोडलेली फांदीसुद्धा कुणी चुलीला आणायची नाही. फारच अडलं तर आधी देवीला कौल लावायचा. “झाडां काय आपली न्हायत, आयची हायत,” आजोबा सांगायचे. त्यांच्या सांगण्यात धाक नसायचा. घरातली वडीलधारी माणसं दाखवावीत तसं ते मला एकेक झाड दाखवायचे.

त्या बेहड्यात महाधनेशाचं घरटं असे. गावात त्याला गरुड म्हणतात. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली जुन्या, जाडजूड झाडातच सापडते. लाकडाच्या हिशेबात पोकळ झाड निकामी; आईच्या हिशेबात निकामी झाड नव्हतंच. पुढे पुण्यात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा 1976 सालचा निबंध वाचला, तेव्हा आजोबांचं राखणं किती मोलाचं होतं ते उमगलं.

पण देवराई आपोआप टिकत नाही. कोकणात कितीतरी ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडं विकली गेली. तिथल्या लोकांची श्रद्धा आटली असं मला वाटत नाही. ती झाडांवरून स्लॅबवर आणि फरशीवर सरकली, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. आमच्याकडेही सभामंडपाचा विषय निघाला. गावकर, मानकरी बसलेले असताना आजोबा उठले आणि म्हणाले, “आयला छप्पर कशाला? सावली हाय तिला.” मंडप राईबाहेर झाला.

आजोबांच्या माघारी मी राईतल्या झाडांची यादी केली, त्यांनी शिकवलेल्या नावांनिशी. ती ग्रामपंचायतीत लावली आहे. पुन्हा कधी बांधकामाची बैठक बसली तर गावानं आधी ती मोठ्यानं वाचावी, एवढं माझं मागणं आहे.