शेवटची अंजलि

सर्वपित्री अमावास्येस आमच्या सोनगीरच्या घरीं तर्पणाचें ताम्हन निघतें. तें आमच्याच गांवच्या तांबटांनीं घडविलेलें. आजोबांनीं घेतलें, वडिलांनीं वापरलें, आणि आतां आमचे वडील बंधु दादा त्यापुढें बसतात. बाप, आजा, पणजा, मग मातृकुळ, गुरु, आप्त, अशा क्रमानें पाणी सोडलें जातें. आणि अगदीं शेवटीं, ज्यांना पाणी देणारें ह्या जगांत कोणीच उरलें नाहीं, अशांसाठींहि एक अंजलि असते. इतकीं वर्षें आम्ही हें पाहत आलों. पण ती अखेरची अंजलि कोणाची, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता. यंदां तो एका मुलीनें उभा केला.

ही मुलगी म्हणजे आमची पुतणी, दादांची धाकटी कन्या. पुण्यास इतिहास घेऊन एम्. ए. झाली. त्या दिवशीं जेवणें उरकल्यावर ओसरीवर तिनें सांगितलें कीं, आपल्याला यहुद्यांचा इतिहास आणि वंशसंहाराची मीमांसा ह्या विषयांचा अभ्यास करावयाचा आहे, व तेच पुढें विद्यापीठांत शिकवावयाचे आहेत. त्यासाठीं हिब्रू शिकावी लागेल, परदेशीं जावें लागेल, शिष्यवृत्ति पुरणार नाहीं. दोन-तीन वर्षें घरचा आधार लागेल. ओसरी क्षणभर गप्प झाली. मग दादा म्हणाले, "अग, शिवकाल आहे, पेशवाई आहे, आपल्या खानदेशाचें केवढें तरी काम पडलें आहे. तें टाकून हे यहुदी कोठून काढलेस? ते आपले कोण?"

पुतणी शांतपणें म्हणाली, "बाबा, सकाळीं शेवटची अंजलि दिलीत, ते तरी आपले कोण होते?"

दादा उत्तर न देतां पान लावीत बसले. आम्हांसहि उत्तर सुचलें नाहीं. पण त्या रात्रीपासून आम्हीं तिचीं पुस्तकें चाळावयास घेतलीं.

पहिली गोष्ट कळली ती ही कीं, यहुदी आपल्याला परके नव्हेतच. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाज शतकानुशतकें मराठी बोलत आला. ते तेल गाळीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर अशीं त्यांचीं आडनांवें आपल्यासारखींच गांवांवरून पडलीं. आपल्या हरिदासांचें पाहून त्यांनीं १८८० च्या सुमारास स्वतःचीं मराठी कीर्तनें रचलीं. १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या त्यांच्या वल्हांडण सणाच्या पोथींत हिब्रूशेजारीं मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांतल्या बायका लुगडें नेसून बेखमीर भाकरी करीत आहेत. त्या सणाच्या रात्रीं घरांतल्या धाकट्यानें प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनीं मिसरांतल्या दास्याची हकीकत सांगावयाची, असा परिपाठ आहे. इतिहासाची पहिली शाळा त्या लोकांनीं अशी घरांतच घातली!

ह्याच समाजांतील हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजींत लिहून १८९७ सालीं पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, आणि तोहि तेल अवीव येथें. चाळीस वर्षें तें बाड कोणीं तरी जपलें, म्हणून आज तें विद्वानांच्या हातीं आहे.

हें वाचतांना आम्ही मनांतल्या मनांत खजील झालों. आमच्याहि माळ्यावर जुन्या कागदांच्या दोन पेट्या होत्या. असेच कागद गोळा करण्यासाठीं इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यांतच त्यांनीं देह ठेविला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आमच्यापासून दहा-बारा मैलांवर आहे. तरी घराच्या दुरुस्तीच्या वेळीं आम्हीं त्या पेट्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवर घातल्या. पणज्याच्या पलीकडचें एकहि नांव आज आमच्या घरांत कोणास ठाऊक नाहीं.

आमचीं नांवें आमच्या आळसानें गेलीं. युरोपांत मात्र नांवें घेणारीं माणसेंच मारलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं सुमारें साठ लाख यहुद्यांचा संहार केला. त्या लोकांतहि मृत आईबापांसाठीं मुलानें 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणावयाचा प्रघात आहे. पण आजोबांपासून तान्ह्या नातवापर्यंत सारें घर जेथें एकदम संपलें, तेथें कद्दिश कोणीं म्हणावयाचा? जेरुसलेमास १९५३ सालीं ह्यासाठींच एक संस्था निघाली, तिचें नांव 'यद वाशेम', म्हणजे स्मारक आणि नांव. हे शब्द यशया ह्या प्रेषिताच्या ग्रंथांतले असून तेथें ते निपुत्रिकांना उद्देशून आले आहेत. तिनें आजवर अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक नांवें एकेक करून जमविलीं आहेत. आमच्या दादांची शेवटची अंजलि ती हीच, असें आम्हांस वाटलें.

ही आठवण विद्यापीठांत नेली तीहि घरोघरच्या माणसांनीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत लिंडा मिलर नांवाच्या बाईंनीं पतीच्या स्मरणार्थ यहुदी इतिहासाचें अध्यासन स्थापिलें. त्यावर १९३० सालीं सालो बॅरन हे पंडित आले. त्यांचे आईबाप व एक बहीण पुढें नाझींच्या हातून मारलीं गेलीं. आणि १९६१ सालीं आइखमनवरील खटल्यांत आपल्या लोकांचें काय काय बुडालें, ह्याची साक्ष बॅरन यांनींच दिली. पोलंडांतून वांचून लॉस एंजेलिसला गेलेल्या कुटुंबांनींहि '१९३९ क्लब' ह्या आपल्या मंडळामार्फत तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत असेंच अध्यासन उभें केलें. त्यावर बसलेल्या सॉल फ्रीडलेंडर यांचे आईबाप आउश्वित्झच्या छावणींत गेले होते.

आतां एक कबुली. "ह्या देशाला एक हिटलरच पाहिजे!" हें वाक्य तरुणपणीं आम्हींहि ह्याच ओसरीवर उच्चारलें आहे, आणि ऐकणारांनीं माना डोलावल्या आहेत. वि. ग. कानिटकरांचें 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' तेव्हां आमच्या कपाटांत होतें. आम्हीं त्यांतल्या लढाया चवीनें वाचल्या आणि संहाराचीं पानें भरभर उलटलीं. आम्हांस तीं पानें कोणीं थांबवून वाचावयास लाविलीं नाहींत. शिकविणारा लागतो तो ह्यासाठीं. रुआंडांत १९९४ सालीं तुत्सी लोकांचें काय झालें, हें पाहिलें म्हणजे ती गरज केवळ यहुद्यांची नाहीं, हेंहि उमगतें. आपल्याकडे जनमेजयानें एका तक्षकाच्या अपराधासाठीं सारें सर्पकुळ अग्नींत घालावयास आरंभिलें. आस्तिकानें तें थांबविलें. आणि महाभारताची कथा वैशंपायनांनीं सांगितली, ती त्याच सत्रांत! वंश बुडविणाऱ्या राजाला त्याच्याच कुळाच्या भांडणाचा इतिहास ऐकावा लागला.

दसऱ्यास पुस्तकांची पूजा झाल्यावर गोष्ट पुन्हां निघाली. ओसरीला नवी फरशी घालावयाची म्हणून कांहीं रक्कम बाजूला ठेविली होती. वहिनी सहसा अशा बोलण्यांत पडत नाहींत, पण त्या दिवशीं त्या म्हणाल्या, "फरशीवांचून सासूबाईंचा संसार झाला, माझाहि होईल. पोरीला द्या ते पैसे." दादा बराच वेळ ताम्हनाकडे पाहत होते. शेवटीं म्हणाले, "देतों. पण एक अट आहे. तेथें जें शिकशील तें आधीं ह्या ओसरीवर सांगावयाचें, मग विद्यापीठांत."

पुतणीनें हंसून मान हालविली, आणि त्यांच्या पायां पडली.

वाचकांच्या घरींहि असें एखादें ताम्हन असेल, माळ्यावर एखादी पेटीहि असेल. रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहावी. आणि घरांतील एखादें मूल परक्यांचें दुःख शिकावयास निघालें, तर "ते आपले कोण?" हें विचारण्यापूर्वीं आपल्याच तर्पणांतली शेवटची अंजलि आठवावी. आम्हांस ती उशिरां आठवली.