नावेतली उशी



ग्वाल्हेर हे तानसेनाचं गाव. गाणं इथे घरोघरी आहे, समुद्र मात्र फार दूर. आमच्या धर्मशिक्षण वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेलाच नाही. म्हणून मार्कच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातलं वादळ शिकवताना मी दरवर्षी त्यांना माझ्या माहेरच्या, वसईच्या लाटा सांगते. माझे बाबा पाचूबंदरहून मासेमारीला जायचे.

या वर्षी मात्र तो धडा मी दोनदा पुढे ढकलला. मागच्या पावसाळ्यात बाबा आजारी पडले. रेल्वेत रात्रभर जपमाळ ओढत मी वसई गाठली, तोवर ते गेले होते. वादळ शांत करणारा प्रभू त्या रात्री कुठे होता? हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही, फादरांनाही नाही.

शेवटी एका रविवारी छोटा स्पीकर घेऊन वर्गात गेले. कॉलेजात असताना एका प्राध्यापकांनी क्लोद देब्युसीची ‘ल मेर’, म्हणजे ‘समुद्र’, ही वाद्यवृंदाची रचना ऐकवली होती. तीच लावली. देब्युसीने ती 1903 मध्ये लिहायला घेतली तेव्हा तो किनाऱ्यापासून दूर, फ्रान्सच्या बर्गंडी भागात होता. आठवणीतला समुद्र त्याला पुरला. 1905 मध्ये ती पॅरिसमध्ये प्रथम वाजली.

रचनेचे तीन भाग आहेत: पहाटेपासून दुपारपर्यंतचा समुद्र, लाटांचा खेळ, आणि वारा व समुद्र यांचा संवाद. शब्द एकही नाही. खर्जातल्या तंतुवाद्यांनी सुरुवात झाली आणि मुलं गप्प झाली. तिसऱ्या भागात सगळं खवळतं. मग मध्येच ते ओसरतं. व्हायोलिनचा एक उंच, बारीक सूर तेवढा टिकून राहतो आणि त्याखाली बासरी व ओबो संथ गातात. वादळ तिथे संपत नाही. ते पुन्हा उठतं आणि शेवट पितळी वाद्यांच्या गर्जनेत होतो.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “टीचर, येशु यहीं पर सो रहा था क्या?”

मी फक्त मान हलवली. पुढे बोलवेना.

इतकी वर्षं मी प्रभूने वाऱ्याला कसं धमकावलं तेच रंगवून सांगत आले. नावेच्या मागच्या बाजूला तो उशीवर झोपला होता, हे वाक्य घाईने वाचून पुढे जायचे. त्याला आपली पर्वा नाही, असं शिष्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं होतं. पण पाणी भरत होतं त्याच नावेत तो होता. बाबांच्या उशाशी त्या रात्री मी नव्हते. तो होता.

दुःख ओसरलं, असं म्हणणार नाही. पण त्या रविवारी मिस्सेत मी पुन्हा गायले.

प्रभो, आमच्या नावेत पाणी शिरतं तेव्हा तुझी उशी आम्हाला दिसू दे. आमेन.